इर्माचं अक्षर

चार वर्षं आमच्या बेटावर, कॉड्रिंग्टन गावात, तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं, आणि ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी रेडिओनं ते घेतलं.

हेस्केथ पंटर तेव्हा धक्क्यावर बसून होडीच्या मशीनचा प्लग पुसत होता. शेजारी ओडेटा नेडच्या टपरीत रेडिओ नेहमीसारखा खरखरत होता. बातम्यांची बाई म्हणाली, पूर्वेला दूर समुद्रात एक वादळ उठलंय, त्याचं नाव इर्मा. हेस्केथच्या हातातला प्लग सुटून पाण्यात गेला.

“घ्या!” ओडेटाचा नवरा कथबर्ट टपरीच्या सावलीतून ओरडला. “बायको येतेय रे तुझी, हेस्केथ! चार वर्षांत एकदा तरी घर झाडलंस का, ते विचारेल बघ आधी.”

“आणि माझी करवत परत केलीस का, ते तुला विचारेल,” हेस्केथ म्हणाला.

धक्क्यावरची सगळी हसली. ओडेटाही हसली आणि हसता हसता तिनं पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला डोळे पुसले, कारण इर्मा तिची शाळेपासूनची मैत्रीण.

माणूस गेलं की त्याचं नाव घ्यायला आमच्याकडे लोक कचरतात. मनात वाईट काही नसतं. समोरच्याच्या दुखण्यावर बोट नको, म्हणून ‘तुझी मंडळी’ म्हणायचं, ‘ती बिचारी’ म्हणायचं. इर्मा पंटरचीही अशीच ‘ती बिचारी’ होऊन बसली होती. जन्मात कधी बिचारी नव्हती ती! शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं गावच्या पोरांना जेवू घातलं आणि मुख्याध्यापकासकट सगळ्यांना धाकात ठेवलं. तेव्हा रेडिओवरच्या त्या अनोळखी बाईनं तिचं नाव असं सरळ, खणखणीत, तासातासाला घ्यावं, याचं हेस्केथला काय वाटलं असेल? सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. त्याला बरं वाटलं. पुढचे पाच-सहा दिवस तो रेडिओ कानाशी धरून गावभर फिरला. लोक म्हणाले, म्हातारा वादळाला घाबरलाय.

म्हातारा म्हणजे सदुसष्टचा. धंदा तेवीस वर्षं एकच. पाहुण्यांना होडीत घालायचं आणि खाडीच्या वरच्या टोकाला, खारफुटीतल्या फ्रिगेट पक्ष्यांकडे न्यायचं. हे पक्षी म्हणजे काळेकुट्ट, लांब पंखांचे आणि अव्वल लुच्चे. दुसऱ्याच्या चोचीतला मासा हिसकावून पोट भरतात. पण सप्टेंबर लागला की नराच्या गळ्याखालची पिशवी लाल होऊन फुगायला लागते, फुगत फुगत त्याच्या डोक्याहून मोठी होते, आणि ती थरथरवत, चोच आपटत तो वर घिरट्या घालणाऱ्या माद्यांना बोलावत बसतो. एकेका झुडपावर असे दहा-दहा नवरदेव. हेस्केथ लांबूनच मशीन बंद करायचा आणि बांबूनं होडी ढकलत आत न्यायचा. सुट्टीच्या दिवशी इर्मा बरोबर यायची, आणि ती आली की हेस्केथला तोंड उघडायची सोय नसायची.

“गळा फुगवायला काय जातं?” ती पाहुण्यांना सांगायची. “पिल्लू तीन महिन्यांचं झालं की हा बाबा पसार. पुढे वर्षभर भरवत बसते आई. आमच्याकडचे पुरुष इथूनच शिकले.”

“मी राहिलो की नाही?” हेस्केथ मागून म्हणायचा.

“तुझा गळाच कुठे फुगतो!”

पाहुणे खो खो हसायचे. मोसमातला पहिला लाल गळा मात्र इर्मालाच दिसला पाहिजे, असा घरचा कायदा होता. तो दिसला की ती परत येताना धक्क्याच्या अलीकडूनच “फुगला गं, ओडेटा!” म्हणून आरोळी द्यायची आणि संध्याकाळी दोन्ही घरांचा मिळून बोकडाचा रस्सा शिजायचा. तोच विनोद, तोच रस्सा, अशी वर्षं गेली. शेवटी राहिला तो आणि गेली ती. साखरेनं आधी तिचा पाय नेला, मग तिला नेलं.

होडीचं नावही तिनंच घातलेलं. होडी घेतली तेव्हा हेस्केथला ‘खाडीची राणी’ हवं होतं. इर्मा म्हणाली, “राणी कोण ते लोकांना कळायला नको?” आणि लाल रंगाचा डबा ओडेटाच्या हातात देऊन स्वतःचं नाव घालायला ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसली. ती डावखुरी. वर चर्चमधली गाणी गात रंगवत होती. इंग्रजी अक्षरं सगळी चढावर निघाली, एम चांगला ढेरपोट्या झाला, आणि शेवटच्या ए-ला जागाच उरली नाही. तो आपला अंग चोरून कडेला उभा. कथबर्ट म्हणाला, “होडी समुद्रात चाललीय की डोंगरावर?” दर दोन-तीन वर्षांनी हेस्केथ होडीला निळा रंग द्यायचा तेव्हा ती तिची अक्षरं उजळून द्यायची. ती गेल्यावर त्यानं एक बारीक ब्रश आणला. लालाला धक्का न लावता अक्षरांच्या कडेकडेनं निळा रंग लावायचा. अर्धा दिवस त्यातच जाई.

वादळ येणार म्हटलं की आम्ही होड्या खारफुटीत खोल नेऊन बांधतो. त्या मंगळवारीही सगळ्यांनी नेल्या, तोंडं आत करून, चहूबाजूंनी दोर घालून. हेस्केथनं आपल्या होडीचं तोंड बाहेर, समुद्राकडे केलं.

“हे काय नवीन काढलंस?” कथबर्टनं विचारलं.

“तिला नाव दिसू दे,” हेस्केथ म्हणाला. “स्वतःचं नाव वाचून तरी जरा हळू जाईल.”

अर्धी थट्टा होती. उरलेली अर्धी काय होती, ते त्यालाच ठाऊक.

त्या रात्रीचं आमच्यात फारसं कुणी बोलत नाही. हेस्केथ, ओडेटा आणि कथबर्ट, तिघं नेडांच्या न्हाणीघरात डोक्यावर गादी धरून बसले होते, एवढं सांगितलं की पुरे. सकाळी बाहेर आले तर झाडांवर पान नव्हतं आणि घरांवर छप्पर नव्हतं. हेस्केथच्या घराच्या जागी तीन पायऱ्या होत्या. इर्माचा फोटो, पहिल्या पानावर तिनं नाव घातलेलं बायबल, खिळ्याला टांगलेला ॲप्रन, सगळं गेलं. तो कबरस्तानात गेला. त्याच्यावरून समुद्र फिरून गेला होता. तिची कबर भिंतीपासून अकरा पावलांवर, एवढं त्याला पाठ होतं, पण मोजायला भिंतच राहिली नव्हती. मग त्यानं सवयीनं खाडीकडे मान वळवली. एवढ्या मोठ्या आभाळात एक पक्षी नव्हता.

मागून दुसरं वादळ येतंय असं कळलं आणि बेट रिकामं करायचा हुकूम निघाला. कुत्री धक्क्यापर्यंत आली आणि तिथेच राहिली.

शेजारच्या अँटिगा बेटावर एका खेळाच्या मैदानालगतच्या हॉलमध्ये आमच्या खाटा लागल्या. दिवसभर दुसरं बोलणं नाही. इर्मानं छप्पर नेलं, इर्मानं घोडा नेला, ती सटवी, ती अवदसा, तिचं तळपट होवो. पोरांना गप्प बसवायला कुणी कागद आणि रंग दिले, तर त्यांनी केस पिंजारलेली कैदाशीण काढली आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. त्यातली मोठी पोरं तिच्याच हातचं जेवून वाढलेली. चित्रं भिंतीवर लागली. हेस्केथची खाट नेमकी त्या भिंतीशी.

एका सकाळी सरकारी माणसं टेबल मांडून, ज्याचं काय गेलं ते लिहून घ्यायला लागले. टेबलामागे एक अँटिगाची मुलगी होती, गोड बोलणारी. हेस्केथचा नंबर आला.

“बसा, मिस्टर पंटर. काय काय गेलं तुमचं?”

“इर्मा,” हेस्केथ म्हणाला.

“ते कळलं हो. इर्मानंच नेलं सगळ्यांचं. ते फॉर्मवर वरच छापलेलं आहे. तुमचं काय गेलं ते सांगा.”

“इर्मा.”

मुलीनं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिनं पाणी मागवलं, त्याच्या हातावर हात ठेवला. “अंकल, घाई नाही. आठवेल तसं सांगा. घर होतं?”

“होतं.”

तिनं लिहिलं, घर. त्यानं सही केली आणि उठला.

कथबर्टची तर वेगळीच तऱ्हा झाली. सगळ्या धक्क्याला हसवणारा माणूस, पण तिथे गेल्यापासून त्याला एक विनोद सुचला नाही. रोज सकाळी उठून बूट चढवायचा, नाडी बांधायची, खाटेच्या कडेला बसायचं आणि येईल त्याला विचारायचं, “घरी कधी जायचं?” संध्याकाळी ओडेटा बूट काढून ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती चहा घेऊन आली तर तो बसल्या जागी कलंडलेला होता, बूट पायातच. बेटावर तेव्हा वीज नव्हती, पाणी नव्हतं. त्याला अँटिगातच पुरावं लागलं, अनोळखी माणसांच्या रांगेत. माती लोटून झाल्यावर ओडेटा एकच वाक्य बोलली.

“इर्मानं खाल्ला माझा माणूस.”

हेस्केथनं तिचा कोपर धरला होता. तो त्यानं सोडला नाही. पण त्या दिवशी त्याला कळून चुकलं, की आता हे नाव कुणीच मायेनं घेणार नाही, आपल्यावाचून.

नोव्हेंबरात तो परत आला आणि आधी खारफुटीत गेला. हिरवं काही उरलं नव्हतं, नुसत्या करड्या काटक्या. होडी कुशीवर पडलेली, एक बाजू फुटलेली, मशीन गेलेलं. आणि होडीच्या काठावर एक काळा नर बसला होता, गळा लाल, पुरता फुगवून. वरही पन्नास-साठ जण घिरट्या घालत होते. पक्ष्यांना परत यायला कुणाच्या परवानगीचा कागद लागला नव्हता. हेस्केथ चिखलातून होडीच्या पुढच्या अंगाला गेला. चारही अक्षरं जागच्या जागी होती, चढावर निघालेली. तो तिथेच चिखलात बसला, नावावर तळहात ठेवला आणि घरदार गेलं तेव्हा रडला नव्हता तो आता रडला. जगात तिच्या हातचं एवढंच उरलं होतं.

फळ्या मिळायला, जुनं मशीन मिळायला दोन महिने गेले. फेब्रुवारीत तुरळक पाहुणे येऊ लागले. ते धक्क्यावर उभे राहून नाव वाचायचे आणि एकमेकांना कोपरानं ढोसायचे. “वादळाचं नाव होडीला! काय माणूस आहे!” मग नावाशेजारी उभं राहून फोटो. सुरुवातीला हेस्केथ सांगायचा, बायकोचं नाव आहे. पाहुण्यांची तोंडं उतरायची, पुढची सगळी फेरी कुणी बोलायचं नाही, पक्षीसुद्धा नीट बघायचं नाही. मग त्यानं सांगणं सोडलं. काढा फोटो. गावातल्या होडीवाल्यांनी नाव बदलायचं आडून सुचवलं. मुलगी वर्लिन इंग्लंडहून फोनवर म्हणाली, “डॅडी, बदला ना ते. मम्मीला काही वाटणार नाही.” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तिकडच्या थंडीची चौकशी केली.

ओडेटानं जुन्या जागीच ताडपत्री ताणून टपरी मांडली. पण आता ती स्टूल उलटं ठेवायची, समुद्राकडे पाठ करून. मासे तळणाऱ्या बाईनं समुद्राकडे पाठ करून बसायचं, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. मार्चमध्ये एका दुपारी ती उठून होडीशी आली.

“हेस्केथ, एक मागू?”

“माग की.”

“ते नाव पूस.”

हेस्केथ दोर गुंडाळत होता. त्यानं सगळा दोर गुंडाळला, खाली ठेवला. “कुणी लिहिलंय ठाऊक आहे ना? डबा तूच धरला होतास.”

“ठाऊक आहे म्हणून तर इतके दिवस तोंड शिवून बसले. पण रोज सकाळी येऊन समोर उभं राहतं रे ते. तू येतोस, होडी वळवतोस, आणि ते माझ्याकडे बघत उभं. मला त्यात माझी मैत्रीण दिसायला हवी. नाही दिसत. मला कथबर्ट दिसतो, बूट घालून बसलेला. मी वाईट आहे का रे?”

“नाही गं,” हेस्केथ म्हणाला. “वाईट कशानं?”

तीन दिवस त्यानं होडी काढली नाही. घराच्या उरलेल्या पायऱ्यांवर बसून राहिला. हे अक्षर गेलं तर तिचं काहीच उरत नाही, आणि राहिलं तर हिला रोज मरण. इर्मा असती तर काय म्हणाली असती, हे त्याला विचार न करताही ठाऊक होतं. ती एखाद्या रडक्या पोराचं ताट भरता भरता म्हणाली असती, “उपाशी माणसाचं आधी बघ, हेस्केथ. मेलेल्यांना भूक नसते.”

चौथ्या दिवशी त्यानं होडी वाळूवर ओढली. आता इथे दुसरा कुणी आळशी माणूस असता तर वाचला असता. वरून निळ्या रंगाचे दोन हात मारले असते आणि खाली लाल तसंच राहिलं असतं. पण हेस्केथला काम नीट करायची खोड. जुन्या रंगावर नवा धरत नाही, एका पावसाळ्यात पोपडे निघतात, हे त्यानं जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं. त्यानं लोखंडी पत्रीनं खरवडायला घेतलं, ए-पासून, उलटं. मग पॉलिश पेपर मारला, खालचं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. मग प्रायमर, मग निळा. खरवडताना तो मान वळवून खाडीकडे बघत होता. संध्याकाळी पायऱ्यांमागच्या ताडपत्रीखाली परतला तेव्हा हातांच्या रेघांत लाल भुकटी बसली होती. ती धुवायला त्याला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ओडेटानं स्टूल समुद्राकडे वळवलं. मग त्याला ताटलीत तळलेला मासा दिला, सगळ्यांत मोठा.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी रेडिओनं पुन्हा ते नाव घेतलं. वादळांना नावं देणाऱ्या लोकांची बैठक झाली होती. फार माणसं मारणाऱ्या वादळाचं नाव यादीतून कायमचं काढतात. यंदा इर्मा काढलं. यापुढे कुठल्याही वादळाला ते द्यायचं नाही. टपरीवर टाळ्या पडल्या. “गाडली एकदाची!” कुणीतरी म्हणालं. ओडेटानं रेडिओ बंद केला.

सकाळी ती धक्क्यावर आली तेव्हा तिच्या हातात लाल रंगाचा डबा होता.

“ऐकलंस काल?”

“ऐकलं.”

“वादळाकडून नाव काढून घेतलं त्यांनी. मग आता ते कुणाचं झालं?”

हेस्केथनं डब्याकडे बघितलं.

“वादळाला शिव्या घालून काय होतं? त्याला कान आहेत? मला हाताशी तिचंच नाव सापडलं, त्याच्यावर काढला मी सगळा राग. सात वर्षांची असल्यापासूनची मैत्रीण माझी.” तिनं झाकण उचकटलं. “घे ब्रश. डबा मी धरते. तेव्हा धरला होता तस्सा.”

हेस्केथ गुडघ्यांवर बसला. त्या वयात ते सोपं नव्हतं. ओडेटा शेजारी डबा धरून उभी राहिली. त्यानं ब्रश बुडवला, निथळवला आणि आय काढला. वरून खाली एक उभी रेघ, जरा कललेली, तिची होती तशी. ते कुणालाही जमतं. मग त्यानं हात उचलला आणि तो हात तसाच राहिला.

“ओडेटा, तिचा आर कसा होता गं?”

“कसा म्हणजे? आरसारखा आर.”

“नाही, नाही. ती डावखुरी. एम ढेरपोट्या होता. ए अंग चोरून उभा. आर कसा होता? पाय बाहेर फेकलेला की आत ओढलेला? डोकं मोठं होतं की लहान?”

ओडेटानं डोळे मिटले. ब्रशवरून रंग वाळूत ठिबकत होता.

“मला नाही आठवत,” ती शेवटी म्हणाली. “मी अक्षराकडे बघतच नव्हते रे. तिच्या तोंडाकडे बघत होते. गात होती ना ती.”

हेस्केथ तेवीस वर्षं त्या होडीत चढला होता. चार वर्षं बारीक ब्रशनं त्या आरच्या कडेकडेनं फिरला होता. त्यानं पुन्हा पुन्हा हात हवेत फिरवून बघितला. हाताला आठवेल असं वाटलं. हातालाही आठवलं नाही. शेवटचं पाहायचं तेव्हा तो खाडीकडे मान वळवून बसला होता.

वर्लिननं तिकडे सगळ्या जुन्या पेट्या धुंडाळल्या. एक फोटो सापडला. होडी आहे, धक्का आहे, नाव आहे आणि नावापुढे इर्मा स्वतः उभी आहे, कमरेवर हात ठेवून. आय दिसतो, मग तिचा पिवळा फ्रॉक, मग एम आणि ए. बाकीचे फोटो पाहुण्यांकडे. त्यांची ना नावं ठाऊक, ना गावं. लोक म्हणाले, अहो, कसलाही आर चालेल, कोण बघतंय? हेस्केथ म्हणाला, “मग ते माझं अक्षर होईल.” त्यानं ब्रश रॉकेलनं धुतला आणि डब्याचं झाकण लावलं.

सप्टेंबरात पक्ष्यांनी गळे फुगवले. खारफुटीला तोवर थोडी पालवी आली होती. पहिला लाल गळा हेस्केथला दिसला. त्याला आरोळी द्यायला जमलं नाही, पण धक्क्याला लागताना त्यानं हात वर केला आणि ओडेटाला कळलं. संध्याकाळी तिनं बोकडाचा रस्सा केला. दोघं ताडपत्रीखाली बसून जेवले.

“इर्मा असती तर म्हणाली असती, मीठ कमी पडलंय,” ओडेटा म्हणाली.

हेस्केथनं मान खाली घातली आणि बराच वेळ जेवत राहिला. मीठ बरोबर होतं.

होडी अजून चालते. पुढच्या अंगाला निळ्यावर ती एक उभी लाल रेघ आहे, आणि तिच्यापुढे हातभर जागा मोकळी. पाहुण्यांना तो आकडा वाटतो. “एक नंबरची होडी का?” ते चढता चढता विचारतात.

“आकडा नाही, नाव आहे,” हेस्केथ सांगतो. “बायकोनं लिहिलं होतं. ते मी खरवडलं.”

आणि ते काही विचारायच्या आत मशीनची दोरी ओढतो.